मनगटाची उंची

चाळीस वर्षं मापं घेतली मी.
छाती, खांदा, बाही, घेर.
मनगट जमिनीपासून किती वर असतं
हे कुणी विचारलं नव्हतं.

रुझारनं विचारलं.
चोडणच्या आमच्या वरच्या वाड्यावरून
फेरीच्या धक्क्याकडे उतरणाऱ्या एकतीस पायऱ्या,
त्यांना तो पाइप लावणार होता.
पंचायतीतला अर्ज तीन वर्षं फाइलीत झोपलेला.
पैसे शेवटी दिले बँडवाल्यांनी, पाववाल्यानं,
आणि कुवेतमधल्या कुणाच्या तरी नातवानं.
"पुस्तकात नव्वद सेंटिमीटर लिहिलंय," रुझार म्हणाला,
"पण पुस्तक आपल्या पायऱ्या उतरलेलं नाही."

चिऱ्याच्या पायऱ्या. एक वीतभर,
पुढची थेट गुडघ्याएवढी.
दर निवडणुकीला थोड्या थोड्या बसवलेल्या.

टेप गळ्यात टाकून निघाले.

फिलोमेन दारातच हसली,
"म्हजें मनगट? चौऱ्याऐंशीव्या वर्षी बांगड्या भरतेस?"
माझ्या जुन्या वहीत ती आहे,
लेकीच्या लग्नातला निळा झगा, खांदा ते घोटा पन्नास.
आज सेहेचाळीस भरले.
चार इंच कुठे गेले, तिनं विचारलं नाही.
मीही वही मिटली.

उसगावकर मास्तर शाळेच्या फोटोला राहावं तसे ताठ उभे.
म्हटलं, मास्तर, श्वास सोडा.
पायऱ्या उतरताना तुम्ही असे नसता.
त्यांनी सोडला,
आणि मनगट दोन इंच खाली आलं.

जयवंती बाहेर आलीच नाही.
चार वर्षं ती खाली उतरलेली नाही,
नवऱ्याला नेलं तेव्हाही वरूनच बघितलं.
"माझं माप कशाला फुकट घालवतेस?" आतून म्हणाली.
मी आत गेले तर भिंतीवर रेघ,
तेलकट, काळपट,
बाजेपासून चुलीपर्यंत, चुलीपासून मोरीपर्यंत,
तिच्या तळव्यानं रोज थोडी थोडी ओढलेली.
मी तीच मोजली. साडेअठ्ठावीस.

अकरा जणांची बेरीज केली, भागलं.
सव्वातीस आले.
रुझारनं कागद उलटसुलट करून पाहिला.
"हा सव्वातीस कोण? आपल्या वाड्यावर तर राहत नाही."
मग पाइप दोन झाले, एक वर, एक खाली.
वेल्डिंगच्या ठिणग्या बघायला पोरं जमली,
आणि खालच्या पाइपवर त्याच संध्याकाळी
कुणीतरी ओला टॉवेल वाळत घातला.

"आणि तुझं?" निघताना रुझार म्हणाला.
माझं?
सदुसष्ट वर्षांची मी, यादीत मीच नव्हते.
आपलं मनगट आपल्याला मोजता येत नाही,
वाकलं की ते जागा सोडतं.
त्यानंच मोजलं, त्याच्या लोखंडी थंड टेपनं,
आणि खडूनं पाइपवरच लिहून ठेवलं.

एप्रिलात पाइप तापला.
फिलोमेननं हात लावला आणि शिवी हासडली,
पोर्तुगीजमध्ये, म्हणजे मोठी असणार.
घरी येऊन मी चिंध्यांची पिशवी उपडी केली.
गणवेशाची खाकी, बँडवाल्यांचा लाल सॅटिन,
त्या निळ्या झग्याची उरलेली पट्टी.
बाह्या शिवल्या.
आत हात न जाणाऱ्या, एकतीस पायऱ्यांच्या लांबीच्या,
बटणं लावून पाइपवर चढवायच्या.

"पावसाळ्यात बुरशी धरेल," पंच म्हणाले,
अर्जावर ज्यांची सही अडली होती तेच.
बरोबर आहे त्यांचं.
जूनमध्ये काढीन, धुवीन, घडी करून ठेवीन.

काल चारच्या फेरीला मी खाली चालले होते.
नवव्या पायरीवर जयवंती बसलेली,
एक हात खालच्या पाइपवर, लाल सॅटिनवर.
घामानं तिथं डाग पडला होता.
खाली अजून बावीस.
तिनं त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्या पिशवीकडे.
"सुंगटं ताजी असली तर दोनशेची आण," म्हणाली.
"आणि नीट बघून घे.
तुला मासळीतलं काही कळत नाही.
उद्या मलाच यावं लागेल."